भाऊबीज: भावाला सुट्टी, बहिणीला कॅश काउंटर. सुट्ट्यांची यादी बदलायला हवी का?

गोदाकाठ | २४ ऑक्टोबर २०२५, रात्री १०.१२

काल भाऊबीज झाली. धाकटा भाऊ तहसील कार्यालयात आहे, त्याला सुट्टी होती. मी नाशकात एका बँकेत कॅशला बसते, मला नव्हती. सोमवारी नरक चतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान उरकून कामावर गेले, मंगळवारी लक्ष्मीपूजन आणि बुधवारी पाडवा अशा दोन सुट्ट्या मिळाल्या आणि गुरुवारी परत काउंटरवर.

भाऊ म्हणाला, "तू येऊ शकत नाहीस तर मी येतो." पावणेदोनला आईचं ताम्हन वर्तमानपत्रात गुंडाळून तो शाखेत हजर. आम्ही जेवणाच्या टेबलावरचे डबे बाजूला सारले, कुंकू-अक्षता मांडल्या, सुपारी ठेवली, सोनं म्हणून माझ्याच बोटातली अंगठी. निरांजनाला काडी लावणार तोच शिपाईकाका धावत आले: "ताई, इथं नको, वरचं धुराचं यंत्र वाजेल!" मग सगळं उचलून मागच्या जिन्यात. पायरीवर टॉवेल टाकून भावाला बसवलं आणि दोन पायऱ्या खाली उभी राहून मी ओवाळलं. वारा येत होता, म्हणून काकांनी स्वतःची टोपी ज्योतीच्या आडोशाला धरली. सात-आठ मिनिटांत आटोपलं. परत आले तेव्हा काउंटरसमोर सोयाबीनचे पैसे काढायला आलेले एक आजोबा उभे होते. मी त्यांची माफी मागितली, तर ते म्हणाले, "ओवाळलंस ना? मग झालं."

घरी येऊन मात्र रडू आलं. राज्य एकच, सण एकच, मग भावाला सुट्टी आणि बहिणीला नाही असं का? भाऊबीज सगळ्यांच्या यादीत यावी का? यावी तर कोणता दिवस काढायचा, की एक वाढवायचा? मनापासून विचारतेय, तुमचे अनुभवही लिहा.

चाफेकळी | २४ ऑक्टोबर, रात्री १०.३१

टोपीचा आडोसा धरणाऱ्या काकांना माझा नमस्कार सांगा. मी खासगी रुग्णालयात सिस्टर आहे. काल माझी दुपारची पाळी होती, भावाला सकाळी सातला ओवाळून गेले. तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं.

फाईलबंद | २४ ऑक्टोबर, रात्री ११.०५

गोदाकाठताई, मी मंत्रालयातून निवृत्त झालो, काही वर्षं याच कागदांशी संबंध होता. म्हणून आधी "का"चं उत्तर देतो.

दरवर्षी सामान्य प्रशासन विभाग सार्वजनिक सुट्ट्यांची अधिसूचना काढतो. ती परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ (बँकेत ज्याला एनआय अ‍ॅक्ट म्हणतात तो) याच्या कलम २५ खाली असते. हा कायदा मुळात हुंडी, वचनचिठ्ठी आणि धनादेशांचा, म्हणजे पैसे देण्याच्या लेखी कागदांचा. त्या कलमाचा गाभा एवढाच, की हुंडीची किंवा वचनचिठ्ठीची मुदत सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी भरत असेल तर ती आधीच्या कामकाजाच्या दिवशी भरली असं धरायचं. आता सार्वजनिक सुट्टी कोणती, हे कोणीतरी ठरवायला हवं. तो अधिकार केंद्राचा. केंद्राच्या गृह मंत्रालयाने ८ मे १९६८ च्या अधिसूचनेने तो राज्यांकडे सोपवला. बँका बंद राहतात त्या या यादीमुळे.

भाऊबीज त्या यादीत नाही. २०२५ च्या यादीत २४ सुट्ट्या आहेत. भाऊबीज ही शासनाने आपल्या कार्यालयांना दिलेली अतिरिक्त सुट्टी. ती कलम २५ खाली नसल्याने बँकांना लागू होत नाही. उलटही घडतं: १ एप्रिल फक्त बँकांना, वार्षिक लेखे पुरे करण्यासाठी.

म्हणजे तुमच्या भावाची सुट्टी आणि तुमची सुट्टी या दोन निराळ्या कागदांवरच्या गोष्टी आहेत. भाऊबीज दुसऱ्या कागदावरून पहिल्या कागदावर आणायला कायदा बदलावा लागत नाही. यादी दरवर्षी नव्यानेच निघते.

गोदाकाठ | २४ ऑक्टोबर, रात्री ११.२०

काका, सतरा वर्षं बँकेत काढली, "एनआय अ‍ॅक्टची सुट्टी" हा शब्द रोज ऐकला, पण त्याच्या मुळाशी हुंडीची मुदत आहे हे आज कळलं. मनापासून आभार.

अंकलिपी | २५ ऑक्टोबर, सकाळी ७.४८

"२४ सुट्ट्या, किती चैन" असं कोणी म्हणायच्या आत हिशेब मांडते. कॅलेंडर आणि पेन्सिल घेऊनच बसलेय.

यंदा २६ जानेवारी, गुढीपाडवा (३० मार्च), रामनवमी (६ एप्रिल) आणि मोहरम (६ जुलै) हे चारही रविवारी आले. १५ ऑगस्टला स्वातंत्र्यदिन आणि पारशी नववर्ष एकाच दिवशी. २ ऑक्टोबरला गांधी जयंती आणि दसरा एकाच दिवशी. २४ मधून हे सहा गेले, उरल्या १८. त्यातही बकरी ईद ७ जूनला शनिवारी होती, म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्यातल्या सरकारी कचेऱ्यांना हातात पडल्या १७.

आडतवाला | २५ ऑक्टोबर, सकाळी ९.१५

मी लातूरकडचा, धान्याची आडत आहे. ताईंच्या भावना समजतात, माझ्याही दोन बहिणी आहेत. पण दुसरी बाजू सांगतो, राग मानू नका.

दिवाळीच्या आठवड्यात शेतकऱ्याचं सोयाबीन येतं. पाडव्याला वही पूजली की व्यवहार सुरू. मंगळवार-बुधवार बँक बंद होतीच. गुरुवारीही बंद राहिली असती तर तीन दिवस सलग. आता सगळं मोबाईलवर चालतं असं शहरात म्हणतात. माझ्याकडे येणारा म्हातारा शेतकरी पासबुक घेऊन येतो, त्याला रोकड लागते. लेकीला भाऊबीजेला घरी आणलंय, तिला साडी घ्यायची आहे. ते पैसे काढायला तो त्याच दिवशी बँकेत जातो. तुमच्या काउंटरवरचे आजोबा बहुतेक त्याच कामाला आले असतील.

सुट्टी वाढवायला माझा विरोध आहे. शाखा उघडी ठेवून आळीपाळीने अर्धा दिवस सोडता येत नाही का?

गोदाकाठ | २५ ऑक्टोबर, सकाळी ९.४०

आडतवालेदादा, राग कसला? ते आजोबा खरंच नातीच्या कपड्यांसाठी पैसे काढायला आले होते, मी विचारलं होतं. तुमच्या प्रतिसादाने विचारात पडले. पण आळीपाळी कशी जमायची? शाखेत आम्ही सातजणी आणि चार पुरुष. काउंटर दोन. सगळ्यांनाच ओवाळायचं असतं नाहीतर ओवाळून घ्यायचं असतं.

माझगावकर_कोकणी | २५ ऑक्टोबर, दुपारी १२.०२

हा धागा वाचून लिहिल्यावाचून राहवेना. आमच्या घरातही यंदा असंच झालं, पण ईद-ए-मिलादला.

यादीत ईद-ए-मिलाद ५ सप्टेंबरला, शुक्रवारी. दुसऱ्याच दिवशी अनंत चतुर्दशी. मुंबईत विसर्जनाचा दिवस म्हणजे काय हे लालबाग-भायखळ्याच्या माणसाला सांगायला नको. पोलिसांवर ताण येऊ नये, दोन्ही मिरवणुका नीट पार पडाव्यात म्हणून आमचा जुलूस पुढे ढकलला. हे आम्ही खुशीने केलं. २०२३ ला तर दोन्ही दिवस २८ सप्टेंबरलाच आले, तेव्हा जुलूस २९ ला निघाला आणि सुट्टीही २९ ला गेली. २०२४ ला सुट्टी १६ वरून १८ ला. यंदा ५ वरून ८ ला. खिलाफत हाऊसपासून जुलूस निघतो तेव्हा रस्त्यात गणपती मंडळाचे कार्यकर्ते पाणी वाटायला उभे असतात. आमच्या गल्लीत हे वर्षानुवर्षं चालत आलंय, मला त्याचा फार अभिमान आहे.

अडचण वेगळीच. बदल फक्त मुंबई शहर आणि उपनगर जिल्ह्यांपुरता होता. माझा मोठा भाऊ मुंब्र्याला राहतो, नोकरीही ठाणे जिल्ह्यात. त्याला ५ ला सुट्टी, मला ८ ला. अम्मी त्याच्याकडे असते. ५ तारखेला घरी मिलाद पढला, सगळे जमले, मी कामावर. ८ ला मी घरी, तर भाऊ कामावर. आणि हे सगळं कळलं जेमतेम दोन दिवस आधी.

सुट्टी हलवू नका असं मी म्हणत नाही, हलवायला आम्हीच सांगितलं. पण पंचांग आणि चांद दोन्ही वर्षभर आधी माहीत असतात, एखाद्या दिवसाचा काय तो फरक. दोन सण शेजारी-शेजारी येणार हे जानेवारीत दिसतं. मग निर्णय सप्टेंबरात का?

गोदाकाठ | २५ ऑक्टोबर, दुपारी १२.१५

दादा, वाचून गलबलून आलं. माझ्याकडे निदान भाऊ शाखेत येऊ शकला.

रुपयापैसा | २५ ऑक्टोबर, दुपारी १.३०

माझगावकरांना पूर्ण अनुमोदन. मी मुंबईत एका कंपनीच्या ट्रेझरीत, म्हणजे पैशांचे व्यवहार सांभाळणाऱ्या विभागात आहे. मुंबईतली सुट्टी हलली की देशभराचा पैसा हलतो हे बाहेर फारसं कोणाला जाणवत नाही. सरकारी रोखे, परकीय चलन, नाणेबाजार यांचं सेटलमेंट, म्हणजे पैशांची प्रत्यक्ष देवघेव, मुंबईच्या सुट्टीवर बेतलेलं. ५ सप्टेंबरची सुट्टी ८ ला गेल्याबरोबर ५ ला देय नसलेलं देय झालं आणि ८ ला देय होतं ते पुढे गेलं. शेवटच्या क्षणी सगळ्या तारखा परत काढायच्या, समोरच्या प्रत्येक पार्टीला फोन करायचे. त्या दोन रात्री आमच्या विभागातलं कोणी वेळेवर घरी गेलं नाही.

२२ जानेवारी २०२४ आठवतो? अयोध्येतल्या प्राणप्रतिष्ठेसाठी राज्याने सार्वजनिक सुट्टी दिली, ती जाहीर झाली शुक्रवारी १९ ला. सोमवारचा शेअर बाजार बंद राहिला आणि त्याऐवजी शनिवारी २० ला पूर्ण दिवस चालला. कायद्याच्या चार विद्यार्थ्यांनी सुट्टीला आव्हान दिलं होतं. उच्च न्यायालयाने रविवारी विशेष सुनावणी घेऊन याचिका फेटाळली.

सुट्टी कोणत्या कारणाने दिली यात मी जात नाही. ज्याने-त्याने आपलं मत बाळगावं. तीन दिवस आधी सांगणं मात्र कोणत्याच कारणासाठी योग्य नाही, एखाद्या थोर व्यक्तीचं निधन सोडून. लतादीदी गेल्या तेव्हा दुसऱ्या दिवशी, ७ फेब्रुवारी २०२२ ला सुट्टी होती. ते आधी कसं सांगणार?

शिवनेरी | २५ ऑक्टोबर, दुपारी ४.१०

तारखा बदलण्याचा विषय निघालाच आहे तर शिवजयंती कशी विसरता? महाराजांची जयंती तिथीने, फाल्गुन वद्य तृतीयेलाच हवी. सुट्टी त्या दिवशी द्या. १९ फेब्रुवारी ही इंग्रजांची तारीख.

खडूफळा | २५ ऑक्टोबर, सायंकाळी ५.२५

शिवनेरीजी, इतिहास शिकवून मी निवृत्त झालो, म्हणून दोन शब्द. फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ आणि १९ फेब्रुवारी १६३० हा एकच दिवस आहे. दोन्हीकडचे लोक तोच जन्मदिवस मानतात, फक्त मोजायची पद्धत वेगळी. आधी मोठा वाद होता तो वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९ की फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, याचा. जेधे शकावलीत (जेधे घराण्याकडच्या जुन्या कालनोंदींत) फाल्गुन आहे. शासनाने इतिहासकारांची समिती नेमली, तो घोळ अनेक वर्षं चालला आणि शेवटी १९ फेब्रुवारी पक्की झाली.

सुट्टीपुरतं मला तारखेचं मोल वाटतं. माझ्या शाळेत १९ फेब्रुवारीची तयारी महिनाभर चाले, पोरं पोवाडा बसवत. तारीख दरवर्षी फिरती असती तर कधी ती परीक्षेत गेली असती. पण तिथीने घरात, गडावर उत्सव करणाऱ्याला कोणी अडवलेलं नाही, अडवूही नये.

शिवनेरी | २५ ऑक्टोबर, सायंकाळी ५.५०

सर, पोवाड्याचा मुद्दा पटला. तिथीबद्दलचं मत मात्र माझं कायम आहे. दिवाळी तिथीने, गणपती तिथीने, मग महाराज का नाहीत?

अंकलिपी | २५ ऑक्टोबर, सायंकाळी ६.०५

यावर वेगळा धागा काढूया का? गोदाकाठची भाऊबीज मागे राहतेय.

दमणगंगा | २५ ऑक्टोबर, रात्री ९.१८

सिल्वासाहून लिहितोय. भाऊबीजेपासून लांब जातोय, पण सुट्टी काढून घेतली की काय होतं ते आमच्याकडे घडलंय.

२ ऑगस्ट हा दादरा-नगर हवेलीचा मुक्तिदिन. १९५४ मध्ये पोर्तुगिजांकडून हा मुलूख सुटला. त्या लढ्यात महाराष्ट्रातून आलेले तरुण होते, सुधीर फडके त्यांच्यातले एक. वर्षानुवर्षं त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असे. २०२१ मध्ये प्रशासनाने ती बंद केली. लोक मुंबई उच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०२२ मध्ये निकाल आला: सार्वजनिक सुट्टी मिळण्याचा मूलभूत हक्क कोणालाही नाही, ती कधी द्यायची हे सरकारचं धोरण. सुट्ट्या आधीच खूप झाल्यात, कमी करायची वेळ आली असावी, असंही न्यायालय म्हणालं. त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये आमच्या भागाची गुड फ्रायडेची सुट्टी मात्र परत मिळवून दिली होती. प्रशासनाने ती ऐच्छिक केली होती.

निकालाचा मान ठेवून सांगतो, वडिलांना फार लागलं. २ ऑगस्टला ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून झेंडावंदनाला जात, आम्हा भावंडांना बोट धरून नेत. आता तो दिवस माझ्या मुलीला शाळेचा एक दिवस. ताई, तुम्हाला एक दिवस यादीत हवाय. कोणाचा तरी काढून तो आणू नका, एवढंच सांगतो.

गोदाकाठ | २५ ऑक्टोबर, रात्री ९.४५

दमणगंगादादा, "कोणता दिवस काढायचा" हे मी लिहिलं ते मागे घेते. विचार न करता लिहिलं गेलं.

धोटा | २६ ऑक्टोबर, सकाळी ६.५०

मी इचलकरंजीचा, यंत्रमागावर आहे. तुमची सगळी चर्चा वाचली. आमच्याकडे मजुरी मीटरवर. माग चालला तर पैसे, थांबला तर नाही. तुमची सुट्टी म्हणजे आमचा खाडा. दिवाळीत कारखाना बंद राहतो, बरं वाटतं, पण त्या दिवसांचं काही मिळत नाही. सरकारी यादीत २४ ची २५ झाली काय आणि २० झाली काय, आमच्या घरात फरक पडत नाही. बहिणीकडे मी भाऊबीजेला रात्री नऊला पोचलो, ती जेवायची थांबली होती.

चाफेकळी | २६ ऑक्टोबर, सकाळी ७.१०

धोटादादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

काळाकोट | २६ ऑक्टोबर, सकाळी ११.००

धोटा यांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. मी कामगार न्यायालयात वकिली करते. लोकांची सर्रास समजूत अशी की जीआर निघाला की सगळ्यांना सुट्टी. तसं नाही. खासगी दुकानं आणि कार्यालयांना २०१७ चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा लागतो. त्यात पगारी सुट्ट्या आठ: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि मालक-कामगारांनी वर्षाच्या सुरुवातीला मिळून ठरवायच्या सणाच्या चार. अगदी छोटी दुकानं तर त्यातही येत नाहीत.

"मिळून ठरवायच्या" हे शब्द मोलाचे आहेत. बहुतेक ठिकाणी मालक एक कागद भिंतीला चिकटवतो आणि झालं. माझ्या एका अशिलाच्या मालकाने त्या चारमध्ये रविवारी येणारा सण घातला होता. बायकांनी जानेवारीतच बसून भाऊबीज मागितली तर मिळू शकते. त्यासाठी मंत्रालयात जायची गरज नाही.

मतदानाच्या दिवसाचं कोष्टक याहून निराळं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५-ब प्रमाणे मतदार कामगाराला पगारी सुट्टी द्यावीच लागते, रोजंदारीवाल्यालाही. म्हणजे हातावर पोट असलेल्याचा पगार न कापता सुट्टी देणं कायद्याला जमतं, जिथे मनावर घेतलं तिथे.

सह्याद्रीमेल | २६ ऑक्टोबर, दुपारी २.२०

मी केंद्र सरकारच्या नोकरीत. आमच्याकडे १४ सुट्ट्या ठरलेल्या, ३ सणांच्या यादीतून त्या-त्या ठिकाणी निवडलेल्या, शिवाय प्रत्येकाला २ ऐच्छिक. मी दरवर्षी एक ऐच्छिक सुट्टी भाऊबीजेला घेतो. सहाव्या वेतन आयोगाने तर सुचवलं होतं की राष्ट्रीय सुट्ट्या तीनच ठेवा, बाकी दिवस कार्यालय उघडं आणि ऐच्छिक सुट्ट्या २ वरून ८ करा. ते स्वीकारलं गेलं नाही, पण मला आजही तोच मार्ग बरा वाटतो. ज्याला ईद हवी त्याने ईद घ्यावी, ज्याला भाऊबीज हवी त्याने ती. आडतवाल्यांची बँकही उघडी राहील.

गोदाकाठ | २६ ऑक्टोबर, दुपारी २.५०

कागदावर छान दिसतं, दादा. पण आमच्या शाखेत अकराजण एकाच दिवशी ऐच्छिक मागणार, त्यातल्या तिघांना मिळणार. उरलेल्या आठांत मी, कारण माझं माहेर गावातच आहे. कायम असंच होतं. जिचं माहेर लांब तिला आधी, हे मलाही पटतं. म्हणूनच सतरा वर्षांत भाऊबीजेला रजा दोनदाच मिळाली.

सह्याद्रीमेल | २६ ऑक्टोबर, दुपारी ३.०५

हे लक्षात आलं नव्हतं. आमच्या कचेरीत वेगवेगळ्या प्रांतांतले लोक आहेत, त्यामुळे मागण्या वेगवेगळ्या दिवशी येतात.

कॅलिफोर्निया_मराठी | २७ ऑक्टोबर, सकाळी ८.३०

इथली ताजी बातमी सांगते. याच महिन्यात कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी दिवाळीला राज्याच्या सुट्ट्यांत घेणाऱ्या कायद्यावर सही केली, १ जानेवारी २०२६ पासून लागू. त्याआधी २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनियाने दिवाळीला मान्यता दिली, पण तिथे कचेऱ्या-शाळा बंद राहत नाहीत. आमच्याकडेही सरसकट बंद नाही. राज्याच्या कर्मचाऱ्याला तो दिवस घेता येईल, शाळांना बंद ठेवता येईल. खासगी कंपनीतल्या मला त्याने थेट काही मिळत नाही.

तरी खरं सांगू? बातमी वाचली आणि डोळे भरून आले. यंदापर्यंत मुलाच्या शाळेत "धार्मिक कारणाने गैरहजर" अशी चिठ्ठी द्यावी लागे. सुट्टी मिळणं आणि आपला दिवस राज्याने आपला मानणं या दोन गोष्टी आहेत. दुसरीलाही किंमत आहे.

बोरकूट | २७ ऑक्टोबर, सकाळी ९.०२

माझी सहा वर्षांची लेक हा धागा मी वाचत असताना मांडीवर होती. सगळं ऐकून म्हणाली, "बाबा, मला दोन भाऊ आहेत, मग मला दोन सुट्ट्या पाहिजेत." फाईलबंदकाका, याची नोंद घ्यावी!

फाईलबंद | २७ ऑक्टोबर, सकाळी ९.३०

घेतली. अर्ज रीतसर आला आहे.

मांडवी | २७ ऑक्टोबर, दुपारी १२.४५

गोव्याहून. आमच्याकडे चवथीला दोन दिवस, ३ डिसेंबरला सायबाचं (सेंट फ्रान्सिस झेवियरचं) फेस्त, १९ डिसेंबरला मुक्तिदिन. शेजारच्या राज्यासाठीही सुट्टी दिली गेलीय: १० मे २०२३ ला कर्नाटकात मतदान होतं म्हणून गोव्यात पगारी सुट्टी. उद्योजक खूप चिडले, पण आमच्या हॉटेलातली निम्मी मुलं तिकडची, ती रात्रीच्या बसने मत द्यायला गेली आणि परत येताना आम्हाला कुंदा घेऊन आली.

गोपाळकाला | २७ ऑक्टोबर, रात्री ८.००

मुंबईतल्या स्थानिक सुट्ट्यांचं कोणीच लिहिलं नाही. यंदा गोपाळकाला १६ ऑगस्टला आणि अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला, दोन्ही शनिवार. पाच दिवसांच्या आठवड्यामुळे (२९ फेब्रुवारी २०२० पासून) शनिवार तसाही सुट्टीचा. म्हणून शासनाने त्या दोन स्थानिक सुट्ट्या बदलून ८ ऑगस्टला नारळी पौर्णिमा आणि २ सप्टेंबरला ज्येष्ठागौरी विसर्जन दिलं. आमच्या कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेला सरकारी नोकरीतला भाऊ पहिल्यांदा दिवसभर घरी होता. सोन्याचा नारळ त्याच्याच हातून दर्यात सोडला.

म्हणजे वाया जाणारा दिवस दुसऱ्या सणाला देण्याची वाट आधीपासून आहे.

अंकलिपी | २७ ऑक्टोबर, रात्री ८.२२

गोपाळकाला, हेच! यंदा २ ऑक्टोबरला गांधी जयंती आणि दसरा एकत्र आले, १५ ऑगस्टलाही तेच. यादीत आकडे २४, पण तारखा २२ च. मोकळ्या पडलेल्या दोन जागांपैकी एक भाऊबीजेला दिली असती तर कोणाचा सण काढावा लागला नसता आणि २४ च्या पुढेही जावं लागलं नसतं. दमणगंगा, तुमची अटही पाळली जाते. फाईलबंदकाका, असं करता येतं का?

फाईलबंद | २७ ऑक्टोबर, रात्री ९.१५

कायद्याची आडकाठी काही नाही. यादी दरवर्षीची स्वतंत्र, त्यात कोणता दिवस घालायचा हे शासनाच्या हाती. शासन सहसा नोंदी मोजतं, तारखा मोजत नाही, म्हणून ही गोष्ट कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. मागणी करायची तर सामान्य प्रशासन विभागाकडे लेखी करा, पुढच्या यादीची जुळवाजुळव चालू असते त्या काळात. पत्र एका पानाचं असावं आणि मागणी पहिल्या परिच्छेदात. मोठी पत्रं कोणी शेवटपर्यंत वाचत नाही, मीच अशी शेकडो हाताळली आहेत.

आडतवाला | २७ ऑक्टोबर, रात्री १०.००

तीन दिवस सलग बँक बंद राहायला माझा विरोध अजूनही आहे. पण ज्या वर्षी दोन सण एकत्र येतील त्याच वर्षी, आणि जानेवारीच्या कॅलेंडरातच छापून येणार असेल, तर मी शेतकऱ्याला आधी सांगू शकतो की पैसे सोमवारीच काढून ठेव. आमचं दुखणं अचानक होण्याचं आहे.

माझगावकर_कोकणी | २७ ऑक्टोबर, रात्री १०.३०

गोदाकाठताई, पत्र लिहिणार असाल तर माझी एक ओळ घाला: सुट्टी हलवायची असेल तर निदान एक महिना आधी सांगा, आणि मुंबईबरोबर ठाणे जिल्ह्याचाही विचार करा. आमच्यासारखी अर्धी-अर्धी घरं खूप आहेत.

धोटा | २८ ऑक्टोबर, सकाळी ६.४०

काळाकोट मॅडम, जानेवारीत बसायचं तुम्ही लिहिलंत. आमच्याकडे कोणी असं बसलेलं मी पाहिलं नाही. आमचा कारखाना कुठल्या कायद्यात येतो तेही माहीत नाही. आम्ही सोळाजण आहोत. कुठून सुरुवात करायची ते सांगाल का?

काळाकोट | २८ ऑक्टोबर, सकाळी ९.१०

नक्की. तुम्हाला खासगी निरोप पाठवलाय. हजेरीपत्रकाचा आणि मजुरीच्या चिठ्ठीचा फोटो तेवढा काढून ठेवा.

गोदाकाठ | १ नोव्हेंबर, रात्री ९.३५

पत्र झालं. फाईलबंदकाकांच्या सांगण्याप्रमाणे एकच पान. पहिल्या परिच्छेदात मागणी: ज्या वर्षी दोन सार्वजनिक सुट्ट्या एका तारखेला येतात, त्या वर्षी मोकळी होणारी जागा भाऊबीजेला देऊन ती कलम २५ खालच्या यादीत घ्यावी. दुसऱ्यात माझगावकरांची ओळ, त्यांच्याच शब्दांत. तिसऱ्यात आडतवालेदादांची अट, की जे करायचं ते वर्षाच्या सुरुवातीच्या यादीतच करावं. शाखेतल्या अकराही जणांनी सह्या केल्या. टोपीवाल्या शिपाईकाकांची सही सर्वांत वर आहे.

आज सकाळी पत्र स्पीड पोस्टाने गेलं. पोस्टात भाऊ जाऊन आला. शनिवार असल्याने त्याला सुट्टी होती. मला पहिला शनिवार, म्हणून काउंटरवर होते. पावती त्याने फोटो काढून पाठवलीय.